लक्ष्मीचं पथ्यपाणी

वास्तुशांतीसाठी मी मेव्हण्याला हैदराबादहून कासव आणायला सांगितलं, आणि 'पितळी' हा शब्द सांगायचा राहून गेला.

लातुरात आम्ही नवं घर बांधलं होतं. देव्हाऱ्यासमोर कासव ठेवलं की घरात लक्ष्मी टिकते, असं कुणीतरी अव्वाच्या कानात घातलं. (आम्ही शिरूर अनंतपाळकडचे लिंगायत. आमच्याकडे आईला अव्वा म्हणतात, आणि अव्वा म्हणेल ते करतात.) पूजेच्या दिवशी सकाळी मेव्हणा नागेश हजर झाला आणि त्यानं पिशवीतून प्लास्टिकचा डबा काढला. डब्यात पाणी आणि पाण्यात आमटीच्या वाटीत मावेल एवढं हिरवं पिल्लू. गालावर लाल पट्टा. मान लांब करून ते माझ्याकडे बघत होतं.

"नागेश, हे हलतंय," मी म्हणालो.

"मग? मेलेलं आणायचं होतं का वास्तुशांतीला?"

अव्वानं मात्र तिथल्या तिथं हात जोडले. "जितीजागती लक्ष्मी आली गं माय!"

झालं! नाव पडलं, आणि परत पाठवायचा मार्ग बंद झाला.

आता मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. फळ्यावर एका दमात कासवाची आकृती काढणं हा माझा हातखंडा. त्यामुळे लक्ष्मीच्या खाण्यापिण्याचा जिम्मा कुणी विचारायच्या आत मी घेतला. "कासव शाकाहारी असतं," मी घरात जाहीर केलं. (कुठलं कासव, हा प्रश्न मला पडला नाही. मुलांनाही मी तो कधी पडू दिला नव्हता.) घरात सगळ्यांना आनंद झाला. आपल्यात शोभेल असंच जनावर मिळालं!

लक्ष्मीचा टब देवघरात ठेवला. तिथं ऊन येत नाही, पण समई असते. तिला भिजवलेले पोहे, भात, भाकरीचा चुरा असा आहार सुरू झाला. सोमवारी अव्वा तिला उपास घडवायची आणि संध्याकाळी साबुदाण्यावर सोडायची. कधी कधी पाठीवर विभूतीची बोटंही ओढायची. पिल्लू बिचारं निमूट सगळं करून घ्यायचं. मला वाटलं, आपले संस्कार लागले.

मे महिना लागला आणि लक्ष्मीनं डोळे मिटले. मिटले ते मिटलेच. पापण्या फुगून हरभऱ्याच्या डाळीसारख्या दिसायला लागल्या. खाणं सुटलं.

"ध्यान लागलंय तिचं," अव्वा म्हणाली, आणि गल्लीतल्या बाया दर्शनाला यायला लागल्या.

मी विज्ञानाचा माणूस. मी म्हणालो, "अव्वा, ध्यानबिन काही नाही. याला शीतनिद्रा म्हणतात."

माझी धाकटी बहीण भाग्यश्री कूलरसमोर बसून घाम पुसत होती. "दादा, लातूरच्या मे महिन्यात शीतनिद्रा?"

"तीच तर गंमत आहे," मी म्हणालो. (काय गंमत आहे ते मला माहीत नव्हतं.)

भाग्यश्री उठली, तिनं लक्ष्मीला उचललं आणि अंगठ्यानं हळूच पाठ दाबली. तिचा चेहरा उतरला. "दादा, हिची पाठ दबून राहिली रे. पापडासारखी."

मग मात्र माझी शीतनिद्रा उडाली.

डॉक्टर कांबळे माझे वसतिगृहातले मित्र. जनावरांचे डॉक्टर, पण जनावरं म्हणजे गाय, म्हैस, शेळी. टेबलावर ठेवलेली लक्ष्मी त्यांनी चष्मा वर करून पाहिली, पुण्यातल्या कुणा वर्गमित्राला फोन लावला, बराच वेळ "हं, हं" केलं आणि मग माझ्याकडे वळले.

"सर, हे पाण्यातलं कासव हाय. पिल्लूपणी यांना किडे, मासे लागतात. तुम्ही काय खाऊ घालून राहिलात?"

"पोहे," मी म्हणालो. आवाज जरा लहान निघाला.

"आणखी?"

"भात. भाकरी. सोमवारी साबुदाणा."

"सोमवारीच का?"

मी छताकडं बघितलं. भाग्यश्रीनं सांगून टाकलं, "सोमवारी उपास असतो तिचा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. हसतील असं वाटलं होतं, पण हसले नाहीत. त्यानं जास्त लाज वाटली. "सर, अ जीवनसत्त्व न्हाई म्हणून डोळे सुजलेत. ऊन न्हाई म्हणून पाठ मऊ पडली. असंच चाललं असतं तर डोळे बी गेले असते आन् पिल्लू बी." हा धडा मी मुलांना शिकवतो. रातांधळेपणा, मुडदूस, कारणे व उपाय! परीक्षेत हमखास येतो म्हणून लाल खडूनं खूणही करतो.

त्यांनी डोळ्यांत घालायला औषध दिलं. कोवळं ऊन, स्वच्छ पाणी, किसलेलं गाजर. "आन् आठवड्यातून एकदा बकऱ्याच्या कलेजीचा बारीक तुकडा. उकडून."

"डॉक्टर, आम्ही लिंगायत!"

"तुम्ही हो. पण कासव कुठं लिंगायत हाय?"

अव्वाला हे सांगायची माझी छाती झाली नाही. भाग्यश्री म्हणाली, "तू आण, मी भरवते. अव्वाला कळू द्यायचं नाही." मी गावाच्या दुसऱ्या टोकाचं मटणाचं दुकान शोधलं आणि डोक्यावर हेल्मेट, तोंडाला रुमाल, डोळ्यांवर गॉगल अशा वेषात जाऊन उभा राहिलो. (लोकांनी बाजूला सरकून वाट दिली. दरोडेखोर वाटलो असणार.)

"कलेजी पाहिजे," मी पुटपुटलो.

"किती?"

"सुपारीएवढी."

दुकानदाराचा सुरा थांबला. "घरी मुंग्या आल्यात का पाहुण्या?" मग त्यानं वाकून माझ्या काचेत बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला. "अरे, सर! तुम्ही? आवाज वळखला मी! माझी पोरगी तुमच्याच वर्गात हाय की! पालकसभेत शाकाहारावर काय बोललात सर तुम्ही! डोळ्यात पाणी आलं होतं!"

रांगेतली सगळी माणसं वळली. मी हेल्मेटच्या आत घामानं न्हालो होतो.

"औषधाला पाहिजे," मी म्हणालो.

"सगळे हेच म्हणतात, सर," त्यानं मोठ्या मायेनं पुडी बांधली. तेव्हापासून मला लांबून बघितलं तरी तो ओरडायचा, "ए, सरांचं औषध काढा रे!"

पुडी फ्रीजमध्ये, लोणच्याच्या बरणीमागं स्टीलच्या डबीत गेली. भाग्यश्री गच्चीवर लक्ष्मीला भरवायची आणि मी वर छत्री धरून उभा राहायचो. ऊन पाहिजे, पण मे महिन्याचं ऊन पिल्लाला तळून काढायचं, म्हणून अर्धं ऊन, अर्धी सावली. डोळे मिटलेलेच होते, पण वासावर ती तुकडा पकडायला लागली. हळूहळू पाठ घट्ट होऊ लागली.

अशात मुखेडहून भाग्यश्रीला बघायला पाहुणे यायचं ठरलं. मुलगा महेश, नांदेडला बँकेत. स्थळ सोन्यासारखं. वडील गेल्यापासून घरात कर्ता पुरुष मीच, त्यामुळं बोलणी माझ्याच गळ्यात. त्यांचा निरोप एकच होता: बाकी काही नको, पण घर कडक शाकाहारी पाहिजे. मी फोनवर छातीठोक सांगितलं, "आमच्याकडे कांदासुद्धा विचारून आत येतो!"

पाहुणे आले. मुलाचे वडील धिप्पाड, आई बारीक आणि अबोल, महेश मान खाली घालून. चिवड्याच्या प्लेटा फिरल्या. अव्वाला भरून आलं होतं.

"आमच्या घरची लक्ष्मीच तुमच्या पदरात घालून राहिलो बगा," ती म्हणाली. "लई जपलंय तिला."

तेवढ्यात माझा फोन वाजला. डॉक्टर कांबळे! मी कट करायला गेलो तर तो उचलला गेला, आणि पुढचं बोट नेमकं पडलं ते स्पीकरवर.

"सर!" गाई-म्हशींच्या गोठ्यात बोलायची सवय असलेला आवाज हॉलभर घुमला. "लक्ष्मी कशी हाय? डोळे उघडले का न्हाई?"

हॉलमध्ये चिवडा चावायचा आवाज थांबला.

"पाठ अजून मऊच हाय का? दाबून बघितली का आज?"

मी घाईनं फोन बंद करायला गेलो तर तो हातातून निसटून सोफ्याखाली गेला. डॉक्टर सोफ्याखालून बोलत राहिले. "आन् टबातच घाण करती ती, पाणी रोज बदला! कलेजी खाऊन राहिली ना? जबरदस्ती करू नका, चावंल!"

मी पालथा पडून फोन काढला आणि बंद केला. उठलो तेव्हा मुलाच्या आईनं प्लेट खाली ठेवली होती.

"सर," मुलाच्या वडिलांनी विचारलं, "कोण लक्ष्मी?"

इथं 'कासव' एवढी तीन अक्षरं उच्चारली असती तर सगळं मिटलं असतं. पण कासव म्हटलं की कलेजी आली, आणि कलेजी आली की अव्वा आली. मी म्हणालो, "शाळेतली एक विद्यार्थिनी आहे."

"विद्यार्थिनीला टबात ठेवता?"

"म्हणजे... हिची मावशी." मी बायकोकडं बोट दाखवलं. ती चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती.

"माझी मावशी?" ती म्हणाली. "मला कुठं हाय मावशी?"

"लांबची," मी म्हणालो.

"लांबची असून चावती?" मुलाचे वडील म्हणाले.

मी काहीतरी हसल्यासारखा आवाज काढला. कुणीच साथ दिली नाही. मग अव्वा बोलली, अगदी हळू. "शिवा, कलेजी कुठं हाय?"

मी जमिनीवरच्या फरश्या बघत होतो. नव्या होत्या, पण एकही फाटून मला पोटात घ्यायला तयार नव्हती.

"फ्रीजमध्ये हाय, अव्वा. लोणच्यामागं." भाग्यश्री आतल्या दारात उभी होती. साडी, गजरा, आणि हातात पोह्यांऐवजी निळा टब. ती सरळ येऊन पाहुण्यांसमोर बसली. "ही लक्ष्मी. आमच्या हातून हिची लई आबाळ झाली. डोळे जायची वेळ आली होती. डॉक्टरांनी कलेजी सांगितली. दादा आणतो, मी भरवते. घरात कुणी खात नाही, पण घरात आहे, हे खरं. तुम्हाला चालणार नसेल तर तसं सांगा, पण हिचं औषध बंद होणार नाही."

माझ्या कपाळावरचा घाम नाकावरून नव्या फरशीवर पडला.

महेशनं पहिल्यांदा मान वर केली आणि टबात डोकावला. "पण हिचा एक डोळा उघडाय की!"

भाग्यश्री सगळं विसरून वाकली. खरंच! एक पापणी खाली बसली होती आणि आतून एक काळाभोर, ओला डोळा आम्हा सगळ्यांकडं बघत होता. "दादा, बघितलं तिनं!" भाग्यश्रीचा आवाज फुटला. अव्वाचेही हात आपोआप जोडले गेले, आणि मग कलेजी आठवून सुटले. महेशनं कौतुकानं बोट पुढं केलं. लक्ष्मीनं ते पकडलं.

"चावलंय का?" भाग्यश्रीनं विचारलं.

"हो," महेश म्हणाला.

"दुखतंय?"

"थोडंसं."

"हात पाण्यात धरा. सोडंल ती."

मुलामुलीला निवांत बोलायला गच्चीवर पाठवायचं ठरलं होतं. त्याची गरज पडली नाही. महेश टबात हात बुडवून बसला, भाग्यश्री शेजारी, आणि दोघं हळू आवाजात बोलत राहिले. लक्ष्मीनं बोट केव्हा सोडलं ते आम्हाला कळलं नाही. हात मात्र बराच वेळ पाण्यात होता.

पाहुणे निघाले. दारात मुलाची आई थांबली.

"मुलगी पसंत हाय," ती अव्वाला म्हणाली. "तोंडावर खरं बोलती. अशी सून पाहिजे." मग तिनं माझ्याकडं बघितलं, जसं लोक घसरगुंडी झालेल्या पायरीकडं बघतात. "फक्त पुढच्या बोलणीला भावाला नका पाठवू. दुसरं कुणी जाणतं माणूस असलं तर बगा."

अव्वानं त्या दिवशी आधी फ्रीज धुवायला लावला, मग मला. माझ्याशी बोलणं बंद केलं. पण दिवेलागणीला तिनं दारामागून भाग्यश्रीला विचारलेलं मी ऐकलं, "खाल्ली का गं तिनं आज?" लक्ष्मीचा सोमवार सुटला. कलेजी ताजी आणून उकडायला गच्चीवर वेगळी शेगडी आली, आणि टब देवघरातून उन्हात गेला.

बोलणीला आमच्या बाजूनं मुखेडला डॉक्टर कांबळे गेले. माझ्या सख्ख्या बहिणीची सोयरीक त्यांनी पक्की केली. त्यांचा मान झाला, फेटा बांधला. सोफ्याखालून ऐकलेला तो आवाज त्या मंडळींना फार भरवशाचा वाटला म्हणे.

मी त्या वेळी गच्चीवर छत्री धरून उभा होतो. शेजारच्या काकू वाळवण घालायला आल्या.

"सर, बहिणीच्या बोलणीला गेला न्हाईत?"

"जायचं होतं हो," मी म्हणालो. "पण शाळेत जादा तास आहेत."

"मे महिन्यात?"

लक्ष्मीचे दोन्ही डोळे आता स्वच्छ उघडले होते. तिनं माझ्याकडं नीट बघितलं, आणि मान आत ओढून घेतली.