भांडण बंद झालेलं घर

पेणच्या खाडीकाठी महिपती आणि कृष्णाबाईचं भांडण म्हणजे आळीचं घड्याळ. तो मिठागरावर निघताना एकदा, परतल्यावर एकदा. विषय कसलाही चाले. जवळा अळणी झालाय म्हटलं की बाई कडाडायची, "जन्म मिठात गेला तुमचा, जीभच खारली हाय, त्याला मी काय करू?" महिपतीही काही ऐकून घेणारा गडी नव्हता. असा त्यांचा संसार चालला आणि चांगला चालला, कुणी काही म्हणो.

मग महिपतीला आतड्याचा कॅन्सर निघाला आणि त्या दिवसापासून कृष्णाबाईचा आवाजच बसला. काहीही बोला, नुसती मान डोलवायची. त्यानं मुद्दाम भातात खोट काढली, तिनं दुसरा भात लावला. तिच्या माहेरचा उद्धार केला, तिनं त्याची उशी नीट केली. एकदा तर त्यानं ताट भिंतीवर भिरकावलं. बाईनं खाली बसून शितं वेचली आणि विचारलं, "पेज देऊ?" महिपतीला त्या दोन खोल्यांत इतकं एकटं वाटायला लागलं, की त्यानं केमोला जायचंच सोडलं.

म्हणून दवाखान्यानं दोघांना बोलावून समुपदेशक समीक्षाताईंसमोर बसवलं. लेकीच्या वयाची पोरगी. तिनं विचारलं, "काका, घरी त्रास होतो का?"

"नाय. तोच तर त्रास हाय. हिला सांगा, पहिल्यासारखी भांड माझ्याशी. मग येतो केमोला."

समीक्षा हसली नाही. तिनं कृष्णाबाईकडं पाहिलं. पदराशी चाळा करत बाई बोलली, "भांडेन हो. नि त्याच दिवशी यांचं काय बरंवाईट झालं तर? शेवटचा शब्द माझा वाकडा राहील. मरेपर्यंत तोच कानात वाजत राहील."

महिपतीला आता उमगलं. म्हणजे हिनं मनातून त्याला कधीच पोचवून टाकलं होतं, आणि रोज गोड बोलून निरोप घेत होती. तो मात्र समोरच बसून जेवत होता.

त्यानं तिचा हात धरला. परक्यासमोर कधी धरला नव्हता. "अजून हाय मी गो," तो म्हणाला. "मेलो नाय. भांड."

कृष्णाबाईनं डोळे पुसले.

"बरं," ती म्हणाली, "तुमी म्हणाल तसं."