डॉक्टरांचं लायसन्स आणि बाईंचा दात

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईंना सगळी वस्ती ब्रेकबाई म्हणते. त्या गाडी चालवायला शिकवतात. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक जादा ब्रेक असतो आणि बाईंचा उजवा पाय सदैव त्यावर. मीही त्यांच्याकडेच शिकले. पहिल्या दिवशी त्या मला एवढंच म्हणाल्या होत्या, "गाडी तू चालव, थांबवायचं माझ्याकडे." बायकोने निम्म्या गावाला रस्त्यावर आणलं, असं त्यांचे मिस्टर सगळ्यांना अभिमानाने सांगतात. ऐकणाऱ्याने त्याचा हवा तो अर्थ घ्यावा.

बाई विद्यार्थ्यांवर कधी ओरडत नसत. गाडी गटाराकडे निघाली, सायकलवाल्याच्या मागे लागली, तरी आवाज चढायचा नाही. "हळू... हळू... डावीकडे," बस्स. शिकणाऱ्याला वाटायचं, काय शांत बाई आहे! पण माणसाची भीती कुठूनतरी बाहेर पडणारच. बाई दात आवळून धरत. इतके, की गालाचं हाड हललेलं मागच्या सीटवरून दिसे. पंचवीस वर्षं हे चाललं. पुढचे दात झिजून बोथट झाले, खालचे एकमेकांच्या अंगावर चढले. बाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांचं लक्ष रस्त्यावर.

मग त्यांच्याकडे गुरुजी शिकायला आले. गुरुजी म्हणजे शाळेत जन्मभर व्याकरण शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. एका सकाळी त्यांनी ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडी थेट वाचनालयाच्या पायऱ्या चढायला निघाली. बाईंनी आपला ब्रेक हाणला. पायरी आणि बंपर यांच्यात चार बोटांचं अंतर राहिलं. गाडीला ओरखडा नाही. बाईंच्या तोंडात मात्र कट्‌कन आवाज झाला आणि जिभेवर खडा आला. काढून पाहिला, तर वरच्या पुढच्या दाताचा कोपरा.

"काय झालं?" गुरुजींनी घाबरून विचारलं.

"काही नाही. रिव्हर्स टाका," बाई म्हणाल्या आणि कोपरा रुमालात बांधला.

बाजारपेठेतल्या मेडिकलच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर दातांची एक तरुण डॉक्टर नुकतीच बसायला लागली होती. हात हलका, बोलणं गोड, पण मुद्द्याला पक्की. तिने बाईंना खुर्चीत आडवं केलं, आरसा आत घातला आणि म्हणाली, "काकू, हा कोपरा मी आज बसवीन, पण महिन्याभरात पडेल. तुमचे खालचे दात वाकडे होऊन पुढे आलेत, ते वरच्यांवर थेट आपटतात. सिमेंट लावायचं कुठे? आधी दात सरकवून जागा करू, मग झिजलेले कोपरे बांधू."

दुसरं कोणी असतं तर इतक्या लांबच्या कामाला बिचकलं असतं. बाईंना लगेच पटलं. "बरोबर आहे डॉक्टर. पार्किंगचंही तसंच. आधी जागा, मग गाडी."

दात सरकवायला डॉक्टरने तारा लावल्या नाहीत. पारदर्शक साचे दिले. दातांवर चढवायचे, जेवताना काढायचे, एक ढिला पडला की पुढचा. दिसायला काही नाही, पण बाईंच्या घरात त्याने धुमाकूळ घातला. बाई जेवायला बसताना साचा कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवत आणि मिस्टरांना टेबल आवरायची भारी हौस. एका दुपारी मी साखर मागायला वर गेले, तर नवरा-बायको दोघं कचऱ्याच्या डब्यात डोकं घालून बसलेले.

"अहो, संत्र्याच्या सालांखाली बघा!"

"सालं मी आधी टाकली होती की नंतर?"

"ते मला विचारताय? माझे दात टाकलेत तुम्ही आणि मला विचारताय?"

साचा चहाच्या चोथ्यात सापडला. मिस्टरांनी तो साबणाने धुतला, फुंकर मारली आणि बायकोपुढे असा धरला, जणू अंगठीच. त्यानंतर टेबलावरचा कुठलाही कागद उचलताना ते आधी तो कानाशी हलवून बघत.

असं करत करत दात सरळ झाले. खालचे ओळीत उभे राहिले, वरच्यांना मोकळं वाटलं. बाई म्हणाल्या, झालं एकदाचं. डॉक्टर म्हणाली, आता तर सुरुवात.

"दात सरळ झाले काकू, पण त्यांना अजून वळण लागलेलं नाही. मोकळे सोडले की जुन्या जागी परत जायला निघतील. म्हणून रोज झोपताना हा नवा साचा घालायचा. याला रिटेनर म्हणतात. याचं काम दात हलवायचं नाही, आहेत तिथे धरून ठेवायचं."

"किती दिवस घालायचा?"

"दात आहेत तोवर."

बाईंनी कोपऱ्यात बसलेल्या मिस्टरांकडे पाहिलं. "जन्माचं एक आधीच आहे," त्या म्हणाल्या. "चालेल, हेही सांभाळू."

मग कोपरे बांधायचा बेत सुरू झाला. डॉक्टर घाईची नव्हती. तिचं म्हणणं, आधी दाताच्या रंगाच्या सिमेंटने तात्पुरते कोपरे बांधू, काही महिने ते टिकतात का बघू, टिकले तर त्याच आकाराचं पक्कं काम करू. कोपरे बांधले की दातांचा आकार बदलणार, म्हणून रिटेनरही नव्या मापाचा. सगळं नीट ठरलं. फक्त एक प्रश्न उरला होता.

"काकू, तुम्ही दात खाता का? म्हणजे झोपेत, करकर असा आवाज?"

"मला काय माहीत, मी झोपलेली असते. यांना विचारा."

मिस्टर साक्षीला उभे राहिल्यासारखे उठले. "अजिबात नाही. झोपेत ही इतकी शांत असते, इतकी शांत, की मला कधी कधी वाटतं..."

"पुरे," बाई म्हणाल्या.

डॉक्टरने समाधानाने मान हलवली आणि कोपरे बांधले. फार सुंदर बांधले. दिवसा दात खाता का, हे कोणी विचारलं नाही. विचारणार तरी कसं? दिवसा माणूस जागा असतो, आपल्या तोंडात काय चाललंय ते त्याला कळत असेल, असंच कोणीही धरून चालेल.

याच सुमाराला डॉक्टरने गाडी घेतली. चालवता येत नव्हती. शिकवायला गावात ब्रेकबाईंइतकं दुसरं कोण? पुढच्याच आठवड्यात ती बाईंच्या शेजारी, स्टिअरिंगला घट्ट धरून बसली.

आता या दोघींची गंमत अशी, की खुर्ची बदलली की नाती बदलायची. दवाखान्यात बाई "डॉक्टर, तुम्ही" म्हणत आणि डॉक्टर "काकू" म्हणे. गाडीत डॉक्टर "मॅडम" म्हणायला लागली आणि बाई "अगं बाई, आरशात बघ!" दवाखान्यात केसाइतक्या फटीत सुई फिरवणारी ती पोरगी गाडीत बसली की दोन ट्रक जातील एवढ्या रस्त्यात खांब शोधून काढायची. गियर टाकताना तिला दांड्याकडे बघावं लागे, आणि तिने दांड्याकडे बघितलं की रस्त्याकडे बघायला कोणी उरत नसे. तोंडात आरसा घालून सगळं उलटं बघायची सवय, म्हणून मागच्या गाड्यांच्या आरशात तिला डावं-उजवं समजेना. तसं तिचं तरी म्हणणं.

एका बुधवारी बाईंनी तिला चढावर नेलं. इस्पितळामागचा तो चढ, जिथे सगळ्यांचीच तंतरते. मध्यावर सिग्नल. गाडी थांबली. मागे एक टँकर येऊन उभा राहिला. सिग्नल सुटला, डॉक्टरने क्लच सोडला, गाडी बंद पडली आणि हळूहळू मागे, टँकरकडे घरंगळायला लागली.

बाईंनी ब्रेक दाबला. आणि दातही.

कट्.

टँकर वाचला. डॉक्टर मात्र जागच्या जागी गोठली. पण भीतीने नव्हे. तिने तो आवाज ऐकला होता. आणि तो आवाज ओळखणारं गावात एकच माणूस होतं.

"मॅडम, आ करा."

"आधी गाडी चालू कर!"

"आ करा आधी!"

हँडब्रेक ओढून, भर सिग्नलवर, मागे टँकर बोंबलत असताना डॉक्टरने मोबाइलची बॅटरी लावली आणि बाईंचं तोंड तपासलं. तिने बांधलेला कोपरा अर्धा गेला होता. टँकरवाला खाली उतरून तावातावाने खिडकीशी आला. आत एक बाई दुसरीच्या तोंडात उजेड पाडून बघतेय हे दिसल्यावर त्याने उगारलेला हात खाली घेतला. तो परत जाऊन मुकाट्याने स्टिअरिंगवर बसला.

"तुम्ही दात खाता!" डॉक्टर म्हणाली. "दिवसा खाता!"

"मी कशाला खाईन? तुम्ही लोक खायला लावता!"

संध्याकाळी दवाखान्यात डॉक्टरने बाईंसमोर त्यांच्या दातांचे आधी काढलेले सगळे फोटो पुन्हा उघडले. तिचा चेहरा पडला होता. "चूक माझी आहे काकू. मी झोपेचं विचारलं, कामाचं विचारलंच नाही. दातांची झीज बघून मला कळायला हवं होतं." मग म्हणाली, "आता कोपरा पुन्हा तात्पुरताच बांधते. गाडीत बसताना घालायला एक जाडसर गार्ड देते. आणि पक्कं काम..."

"कधी?"

"माझं लायसन्स झाल्यावर."

बाईंना आधी वाटलं ती थट्टा करतेय. पण ती अगदी मनापासून बोलत होती. "मी तुमच्या शेजारी बसून चालवतेय तोवर त्या दातावर पक्कं काम करणं म्हणजे ओल्या भिंतीला रंग देणं."

अशा रीतीने बाईंचा दात डॉक्टरच्या हातात आणि डॉक्टरचं लायसन्स बाईंच्या पायात अडकलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ!

गार्ड वरच्या दातांचा होता. पहिल्याच दिवशी तो घालून बाई गुरुजींना घेऊन निघाल्या. (गुरुजी अजून शिकतच होते.)

"शावकाश," बाई म्हणाल्या. "शरळ जाऊ द्या. श्टिअरिंग शोडू नका."

गुरुजींनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. इतक्या सफाईने त्यांनी ती आजवर कधी थांबवली नव्हती. "शरळ नव्हे बाई, सरळ. स हा दंत्य वर्ण आहे. जिभेचं टोक दातांपाशी गेलं पाहिजे. म्हणा, स."

"श."

"दंत्य, दंत्य! दात!"

"दातापर्यंत पोचतंय कुठं गुरुजी? मध्ये प्लाश्टिक आहे!"

पुढचा सगळा वेळ रस्त्याच्या कडेला वर्णमालेत गेला. त्याच दुपारी बाई गार्ड तोंडात ठेवूनच डॉक्टरच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. "याने दात वाचतील, पण माझा धंदा बशेल." डॉक्टर हसता हसता खुर्चीतून पडायची राहिली. मग तिने माप घेऊन खालच्या दातांसाठी दुसरा, पातळ गार्ड केला. त्याने स शाबूत राहिला. रात्री वरती-खालती रिटेनर, दिवसा गाडीत खाली गार्ड, अशी वाटणी झाली. दोन डब्या, दोन रंग, आणि मिस्टरांना सक्त ताकीद की दोन्हींना हात लावायचा नाही.

गार्डचा एक गुण डॉक्टरला नंतर सापडला. बाईंनी ज्या जोराने चावलं, त्याचे व्रण त्यावर उमटत. तपासणीला आलं की डॉक्टर तो दिव्याखाली फिरवून बघे.

"हा बारीक व्रण कसला?"

"तो? गुरुजींचा. चौकात वळताना."

"आणि हा खोल?"

बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या.

"सांगा ना काकू."

"बुधवार," बाई म्हणाल्या.

बुधवारी डॉक्टरचा क्लास असे. तिने गार्ड पालथा ठेवला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली, पण त्या दिवसापासून ती पेटून उठली. पहाटे मैदानात दगड मांडून त्यांच्यामधून गाडी काढायला लागली. दवाखान्यात पेशंट नसला की खुर्चीच्या पेडलवर क्लच-ब्रेकचा सराव करी. खुर्ची वर-खाली व्हायची आणि खालचा मेडिकलवाला छताकडे बघत राहायचा.

पहिल्या परीक्षेत ती नापास झाली. गाडी उत्तम चालवली, पण शेवटी परीक्षकाने काही सांगायला तोंड उघडलं आणि हिचं लक्ष त्याच्या दाढेकडे गेलं. "तुमची ही दाढ किडलीय," एवढं म्हणेपर्यंत गाडी पांढऱ्या पट्ट्याच्या पलीकडे. बाई बाहेर झाडाखाली उभ्या होत्या. त्यांना सगळं दिसलं. त्या चिडल्या नाहीत. डॉक्टरच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "दाढ पुढच्या खेपेला. आधी पट्टा."

दुसऱ्या खेपेला तिने परीक्षकाकडे मान वळवून पाहिलंच नाही. सगळ्या प्रश्नांची उत्तरं समोरच्या काचेला दिली. पास झाली. खाली उतरल्या उतरल्या बाईंच्या गळ्यात पडली आणि मग पहिली गोष्ट केली ती म्हणजे बाईंच्या तोंडातून गार्ड काढून बघितला. साफ होता. एकही नवा व्रण नाही.

"तुम्ही आज चावलंच नाही?"

"मी गाडीत कुठे होते? बाहेर उभी होते," बाई म्हणाल्या. पण डोळे त्यांचेही ओले झाले होते, हे मी पाहिलं. मीही गेले होते बघायला.

पक्कं काम पुढच्या महिन्यात झालं. तात्पुरते कोपरे तोवर टिकले होते, त्याच आकाराचे नवे बसवले, नव्या मापाचा रिटेनर आला. डॉक्टरने आरसा हातात दिला तेव्हा बाईंनी तो खिडकीकडे वळवून ओठ वर केला. मग म्हणाल्या, "हे माझ्या आईचे दात आहेत." त्यांची आई तरुणपणीच गेली होती. तिचे दात झिजायला वेळच मिळाला नव्हता. डॉक्टरने मान खाली घालून हत्यारं आवरली. मिस्टरांनी घसा खाकरला आणि विचारलं, "आता हिने हे दात माझ्यावर खाल्ले तर चालतील का?"

"गार्ड घालून," डॉक्टर म्हणाली.

बाई अजून शिकवतात. गुरुजीही अजून शिकतात. सहा महिन्यांनी तपासणीची तारीख आली तेव्हा डॉक्टरचा फोन आला, "काकू, येऊ नका तुम्ही, मीच गाडी घेऊन न्यायला येते." बाई "कशाला, कशाला" म्हणत राहिल्या, पण पोरगी ऐकेना. खाली हॉर्न वाजला. मी गॅलरीतून पाहिलं. बाई गाडीचं दार उघडून क्षणभर थांबल्या, पर्समधून डबी काढली, गार्ड घातला आणि मग आत बसल्या.