सारवलेलं स्वयंपाकघर

जेवणं उरकलीत. खरकटी भांडी तशीच पडलीत, आज त्यांना हात लावावासा वाटत नाही. मी आतल्या खोलीत चटईवर आडवी होते. बाहेर सोप्यात हे, म्हणजे माझे मालक, घोरतायत. चाळीस वर्षं ऐकतेय ते घोरणं, पण आज ते कानाला सोसवत नाही. सकाळी उत्तम येऊन गेला तेव्हापासून असंच चाललंय.

उत्तम माझ्या धाकट्या जावेचा, सुगंधाचा भाऊ. सुगंधाचा खून होऊन बावीस वर्षं झाली. तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा, आता डोक्याचे केस पिकले, पण चकरा थांबल्या नाहीत. आज कोर्टाची नोटीस घेऊन आला होता. पोलिसांनी लिहून दिलंय की गुन्हा खरा, पण आरोपी सापडत नाही, तपास बंद करावा. काही नवीन सांगायचं असेल तर गुरुवारपर्यंत सांगा, नाहीतर फाइल कायमची मिटली. "अक्का, काहीतरी आठवून बघा," म्हणाला. मी म्हटलं, आता काय आठवणार बाबा. हे शेजारीच बसले होते, बशीतला चहा फुर्रफुर्र करत.

डोळा लागतोय की नाही, कळत नाही. पंख्याचा आवाज लांब लांब जातो. आणि सुगंधा चुलीपुढे बसून तांदूळ निवडतेय.

ते स्वयंपाकघर पाडून आम्ही फरशी घातली, त्यालाही पंधरा वर्षं होऊन गेली. पण हे तेच आहे, कोनाड्यातल्या चिमणीसकट. सुगंधा सव्वीसचीच आहे. मी मात्र म्हातारी, गुडघे धरून उभी.

"बसा की अक्का," ती म्हणते.

"कुठं बसू? जमीन ओली आहे."

"तुम्हीच सारवलीय."

घ्या, ही पण तेच म्हणते. अगं बाई, आम्ही मळ्यात हळद शिजवायला गेलेलो. तुला ताप, म्हणून तू घरी. दहा-अकराच्या सुमाराला निरोप आला, मी धावत आले, तोवर तुला टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं होतं, जीव असेल म्हणून. इथं नुसतं रक्त. थोड्याच वेळात कळलं की वाटेतच गेलीस. घरातनं माणूस गेल्यावर जमीन तशी ठेवतात का कुणी? मी पदर खोचला आणि सारवलं. कोपऱ्यापासून दारापर्यंत, दोन्ही हातांनी. असं सारवलं की संध्याकाळी पोलीस आले तेव्हा मुंगीचं पाऊलसुद्धा उरलं नव्हतं. साहेबानं कपाळावर हात मारून घेतला. म्हणाला, बाई, तुम्ही पुरावाच सारवलात.

सुगंधा ऐकतेय की नाही कोण जाणे. ती एक खडा काढून बाजूला ठेवते, आणि आम्ही पोलीस ठाण्यात आहोत.

ठाण्याची जमीनही शेणानं सारवलेली आहे, ओलीगच्च. साहेब लोक पाय खुर्चीवर घेऊन चहा पितायत. पाचजण आहेत, एकामागून एक बदलून आलेले ते पाचही. मला बघूनच शिसारी येते. यातल्या एकानं मला विचारलं होतं, तिचं बाहेर काही होतं का हो, आणि विचारताना दात काढत होता. एकानं माळावर पाल ठोकून राहिलेल्या गरीब माणसाला महिनाभर बडवला. तो बिचारा त्या दिवशी आमच्याच मळ्यात हळद शिजवत होता. मी सुगंधाला म्हणते, बघ, या मुडद्यांनी तुझी केस घालवली. बावीस वर्षं मी यांना शिव्या घालतेय.

सुगंधा त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही.

"अक्का, शेण कुणी कालवलं होतं?"

"हौसाबाईनं. शेजारीण ती, तीच करणार. मी आले तेव्हा उंबऱ्याशी बादली तयार होती."

"हौसाबाई माझ्याबरोबर टेम्पोत होती. माझं डोकं तिच्या मांडीवर होतं."

मयताच्या घरी अशी कामं कुणीतरी करून ठेवतं. कुणी केलं, ते कुणी विचारत नाही. हौसाबाईला वाटलं असेल मी कालवलं, मला वाटलं तिनं.

आता आम्ही बाजारात आहोत. मंगळवारचा बाजार, पण अख्खा चौक सारवलेला. माणसं पिशव्या घेऊन कडेकडेनं उभी आहेत, जमीन वाळायची वाट बघत. मीच एकटी मधून चालतेय आणि माझ्या हातात ती बादली आहे. निळी, प्लास्टिकची. सुगंधा शेजारी चालतेय.

"आत बघा," ती म्हणते.

मला बघायचं नाही. पण बघते. शेणात काड्या तशाच आहेत, गोळे फुटलेले नाहीत. बाईमाणूस आधी हातानं शेण मळतं, काड्या वेचतं, मग पाणी घालतं. हे काठीनं ढवळलंय, घाईघाईनं. ज्यानं जन्मात कधी शेणात हात घातला नाही, त्याचं काम. आणि वरून वास येतोय औषधाचा. द्राक्षबागेवर फवारायच्या औषधाचा.

ती बादली ह्यांची. फवारणीचं औषध त्यातच कालवायचे. कुणाला हात लावू द्यायचे नाहीत, शेडला कुलूप, किल्ली करदोट्याला. आणि त्या दिवशी हे सकाळपासून तालुक्याला बँकेत गेले होते म्हणे. सारवल्यावर चार दिवस माझ्या तळहातांची आग होत होती, कातडं सोललं होतं. ह्यांनीच खोबरेल आणून दिलं. मी विचारलं नाही.

"तुम्हाला मी सांगितलं होतं," सुगंधा म्हणते.

हो, सांगितलं होतं. दीर माझा फौजेत, ही घरात एकटी. एकदा पाणवठ्यावर खाली मान घालून म्हणाली होती, अक्का, मी एकटी असले की भावजींना आत येऊ नका म्हणावं. आणि मी काय म्हणाले? म्हणाले, तू तुझा पदर सांभाळ, बाकी सगळं नीट होतं. माझ्या तोंडाला कीड कशी पडली नाही तेव्हा?

"तुम्हाला माहीत होतं अक्का?"

"नाही गं. माहीत नव्हतं." मग तोंडातनं निघून जातं, "वास आला होता."

झालं, बोलून गेले. मला स्वतःची इतकी किळस येते की अंगावरची कातडी काढून टाकावीशी वाटते. त्या हातांना मी रोज गरम भाकरी वाढली. त्याच अंथरुणात झोपले. धाकटी लेक मला त्यानंतर झालीय. आणि शिव्या कुणाला, तर पोलिसांना.

मला वाटतं आता ही थुंकेल माझ्यावर. थुंकावं तिनं. पण सुगंधा जवळ येते, आपल्या पदरानं माझं कपाळ पुसते. एकदा, मग जोर लावून दुसऱ्यांदा.

"किती घाम आलाय अक्का. गुरुवार परवावर आलाय."

मी जागी होते. पंखा तसाच फिरतोय, उन्हं भिंतीवर आलीत. बाहेरून चहाची हाक येते. मी उठून आरशापुढे जाते. कपाळ कोरं आहे. मेणावर लावलेलं माझं कुंकू, दिवसभर हलत नाही. आता मेणाचा ठिपकासुद्धा नाही. उशी बघते, पदर बघते, दोन्ही तळहात बघते. कुठं लाल कण नाही.

तो दारात येऊन उभा राहतो. "अगं, कपाळ असं का? मी काय मेलो का काय?" म्हणतो आणि आपणच हसतो.

कुंकवाचा करंडा समोरच आहे. मी तो उघडत नाही. मोबाइल उचलते, उत्तमचा नंबर लावते. लगेच लागतो.

"उत्तमा, ऐक. गुरुवारी कोर्टात मी येणार आहे." दारातलं हसू थांबलेलं मला दिसतं. मी त्याच्याकडे बघतच बोलते. "त्या दिवशी शेण मी कालवलं नव्हतं."