विश्रामने लपवलेली गोष्ट

सकाळी सातला फोन वाजला. "काका, बाबा गेले," विश्रामची मुलगी मेघा म्हणाली. मी विचारलं, "कुठं?" विश्राम अजून कुठं तरी कार्यक्रमालाच जाऊ शकतो, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आदल्याच दिवशी आम्ही मुरबाडच्या बाजारात भजी खाल्ली होती. तिखट लागलं म्हणून माझा चहाही त्यानंच पिऊन टाकला होता… आज दीड महिना झाला, तरी तो फोन मला खरा वाटत नाही.

गझलगायक म्हणून त्याचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. सापगावच्या शेतकऱ्याचा हा मुलगा बोलताना 'नाय', 'आमी' म्हणायचा. गायला बसला की त्याच्या तोंडून एकेक शब्द घासूनपुसून यायचा. मी किन्हवलीच्या शाळेत मास्तर आणि पंचवीस वर्षं त्याचा तबलजी. नव्वदच्या दशकात त्याच्या कॅसेट घरोघरी वाजत होत्या, तेव्हाच ते घडलं. कल्याणला मैफल होती. मध्यंतरात व्यवस्थापकांनी मला एकट्याला बाहेर बोलावलं. मुरबाडहून फोन आला होता. विश्रामचा मुलगा पराग कॉलेजच्या मित्रांबरोबर सिद्धगडावर गेला होता. कड्यावरून पाय घसरला. संपलं होतं सगळं.

मी आत आलो. विश्राम पान खात हसत बसला होता. सांगायची हिंमतच झाली नाही. पडदा वर गेला आणि मी तबल्यावर हात ठेवला. तो त्या दिवशी असा गायला की लोक उभे राहिले. शेवटची गझल त्यांनी पुन्हा मागितली, त्यानं पुन्हा म्हटली… परत निघताना जीपमध्ये मी सांगितलं. तो म्हणाला, "तुला कवा कळलं?"

"मध्यंतरात."

"आन् तू ठेका धरलास?"

त्यानंतर दोन वर्षं तो माझ्याशी बोलला नाही. गायलाही नाही. त्याची बायको, कुंदावहिनी, रोज परागचं ताट वाढायच्या आणि स्वतः जेवायच्या नाहीत. दुसऱ्या वर्षी भातकापणीच्या दिवसांत त्याही गेल्या. भाताच्या पेंढ्या तशाच शेतात पडून होत्या. बारावं झालं आणि हा पायात चपलाही न घालता किन्हवलीला माझ्या दारात उभा. "बाळू, तबला काढ. घरात आवाजच नाय रे राहिला. पन आता माज्यापासनं काय लपवायचं नाय." मी मान डोलावली. पुढची वर्षं तो पूर्वीपेक्षाही चांगला गायला. लोक म्हणायचे, दुःखानं आवाज पिकला. मला ते ऐकवत नसे.

विश्रामच्या तेराव्याला मेघानं मला आत बोलावलं आणि दवाखान्याची फाइल पुढं ठेवली. हृदयाचा आजार सहा महिन्यांपूर्वीच सापडला होता. गाणं बंद करा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं. त्या सहा महिन्यांत आम्ही नऊ मैफली केल्या होत्या! मी कागद उलटसुलट करून पाहत राहिलो.

"मला का नाही सांगितलंस गो?"

"बाबांनी शपथ घातली होती. म्हणाले, बाळूला बोलू नको. माजा जीव जाईल तो जाईल, त्याचा ठेका चुकंल."

मी तिथंच भिंतीला टेकून बसलो. त्यानं मला माफ केलं होतं की तीच शिक्षा परत केली होती, हे मला कळलं नाही. अजूनही कळत नाही. विचारणार कुणाला?

त्याच्या खोलीत माझी एक तबल्याची जोडी असते. ती घरी न्यावी म्हणून मी दोनदा गेलो आणि रिकाम्या हातांनी परत आलो. आता दर गुरुवारी शाळा सुटली की एसटीनं सापगावला जातो. मेघा चहा ठेवते. हातोडीनं ठोकत ठोकत मी तबला काळी दोनला मिळवतो, त्याच्या पट्टीला. सूर जुळला की हात मांडीवर ठेवून बसून राहतो. चहा निवतो. मग तबल्याला गवसणी घालतो…