घागरीला लावलेला साबण

वहिनीनं मला सांभाळून घेतलं, हे सगळ्यात आधी लिहिते. नाहीतर पुढचं लिहिता लिहिता मी माझीच बाजू घेत बसेन आणि ती शेवटी घाईघाईत दोन ओळींत यायची. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. आधी काय लिहावं, नंतर काय, ते मला कळत नाही. पण एवढं मात्र ठरवून बसले आहे.

मी बंगळुरूला एका वसतिगृहाच्या मेसमध्ये कामाला आहे. वर्षातून एकदा सुट्टी मागते, ती आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची. आमच्याकडे त्या सणाला लेकी माहेरी येतात, कडुनिंबाला झोके बांधतात, आणि तीन-चार दिवस त्यांना कोणी इकडची काडी तिकडे करू देत नाही. जळगावला गाडीतून उतरून धुळ्याच्या एसटीत बसलं की मी मनात घोकायला लागते. यंदा कोण काय विचारील, मी काय सांगेन. घरी पोचले तर आई ओट्यावर चार बायांना सांगतच होती, "मनी पोर शंभर मानसंस्नं सैपाकघर सांभाळस." मी सांभाळत काही नाही. भांडी घासते आणि चपात्या लाटते. पण आईचं बोलणं मी खोडून काढलं नाही.

येताना मेसमधल्यासारखाच भांड्यांचा पातळ साबण आणला होता, लिंबाच्या वासाचा. संध्याकाळी आई देवळात गेली होती, वहिनी आत सांजोऱ्या तळत होती. मोरीपाशी कोरी घागर पालथी दिसली. वडिलांची घागर. आखाजीला, वारलेल्या माणसाच्या नावानं नवी मातीची घागर भरतात, दुपारी तिच्यावर आंबे आणि सांजोऱ्या ठेवून पूजा करतात. तोवर घरात कोणी जेवत नाही. हे मला लहानपणापासून ठाऊक. तरी हाताला सवय मेसची. तिथं नवीन भांडं आलं की आधी साबण. चांगला फेस काढून, आतून-बाहेरून घासून मी ती घागर लख्ख केली. वडिलांसाठी काहीतरी केलं, म्हणून बरंसुद्धा वाटलं.

माती साबण पिते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

सकाळी आईनं घागर भरली. थोड्या वेळानं काठावर बुडबुडे दिसायला लागले. भावानं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. पाणी ओतलं, परत भरलं, परत तेच.

"घागरले साबन कोनी लावा?" आईनं विचारलं.

मी दारातच उभी होते. ओट्यावर कालच्याच बाया बसलेल्या. मी तोंड उघडलं, खरंच उघडलं. पण आवाज निघायच्या आत आतून वहिनी बोलली, "मी लावा. ध्यानमा नही ऱ्हायनं."

"सासराले साबननं पानी पाजस का? इतला वरीस व्हयनात या घरमा, इतलं बी समजत नही?"

बायांपैकी एक हसली. मी उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

आईनं तिला कुंभाराकडे पिटाळलं. मी निघाले तर आई म्हणाली, "तू बस, पाव्हनी शे तू. ऊन लागी." आणि मी बसले, तेही झोक्यावर. वहिनी डोक्यावर पदर घेऊन उन्हातून जाताना मला तिथून दिसत होती. ती रिकाम्या हातानं परत आली, कुंभाराकडचा माल संपला होता. मग ती मागच्या दारानं गेली आणि एक लहान, कोरी घागर घेऊन आली. भावानं तीच भरून पूजली. आम्ही जेवलो. वहिनीनं वाढलेली पुरणपोळी मी दोनदा मागून घेतली, मागितली नसती तर कोणाला शंका आली असती.

भांडी आवरताना मी तिला म्हटलं, वहिनी, ते माझं काम होतं.

"ठाऊक शे. लिंबूना वास येत व्हता, ताई. असा साबन आपला घरमा कोठे शे?"

"मग तू का अंगावर घेतलंस?"

"तुम्ही दोन दिनन्या पाव्हन्या. मी शेच ना रोजनी."

एवढं बोलून ती हसली. तो वास आईलाही आला असेल, असं मला तेव्हा वाटलं, अजूनही वाटतं.

मग मी विचारलं, कुंभाराकडे नव्हती, तर ती लहान घागर कुठली?

"मना बापनी व्हती," ती म्हणाली.

वहिनीचं माहेर शिरपूरच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याशी; तिथं आता तिची आई असते. तिला भाऊ नाही. म्हणून आखाजीला तिला न्यायला मुराळी येत नाही आणि तिच्या वडिलांची घागरही कोणी भरत नाही. ती दर वर्षी एक लहान घागर जास्तीची आणायची आणि आमचं सगळ्यांचं झालं की मागच्या ओट्यावर एकटीच भरायची. यंदा तिच्या वडिलांची घागर माझ्या वडिलांना गेली.

मी परत आले. येताना तिनं सांजोऱ्यांचा डबा दिला, तो मेसमध्ये बायांनी संपवला. आईला मी अजून काही सांगितलेलं नाही. फोनवर रोज बोलते, रोज ओठांवर येतं आणि मी हवापाण्याचं विचारते.

वहिनी, सुट्टी वाढवून मिळेल की नाही, याची मला आतापासून धास्ती आहे. पण पुढच्या आखाजीला मी दोन दिवस आधी येईन. ओट्यावर त्या बाया असतील तेव्हाच आईला सांगेन की साबण मी लावला होता. मग तुझी मुराळी मीच. कुंभाराकडून लहान घागर घेऊन, नुसत्या पाण्यानं धुऊन, मी तुला शिरपूरच्या गाडीत बसवीन आणि तुझ्या शेजारी बसून तुझ्या आईच्या अंगणापर्यंत ती मांडीवर धरून नेईन.