सलीमभाईंचा डोळा आणि गजाननची काळी स्क्रीन

सगळं खरं आहे. दुकानातल्या बियाण्याच्या पिशवीवर हात ठेवून सांगतो. आता पिशवीवर छापलेलं तरी सगळं कुठं उगवतं, ते सोडा. शिवाय यातल्या निम्म्या वेळेला मी तिथं नव्हतोच, भिंतीपलीकडं होतो. पण भिंत चार इंचाची आहे.

तीर्थपुरीत माझं बियाण्याचं दुकान आणि सलीमभाईंचं ऑनलाइन कामांचं केंद्र, मध्ये ही एकच भिंत. सातबारा, पीकविमा, परीक्षेचे फॉर्म, सगळी जनता तिथं. अशा जागेला भिंत लागून असली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते सांडतात. मी फक्त झाडू मारतो.

मूळ गोष्ट एवढीच, की सलीमभाईंच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. जालन्याचे डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन करू. नंतर पंधरा दिवस स्क्रीनसमोर बसायचं नाही. आणि आता लांबवू नका, डोळा जाईल." पण केंद्र पंधरा दिवस बंद ठेवलं तर गिऱ्हाईक समोरच्या केंद्रात जाऊन बसणार, आणि तिथं कूलर आहे. मग इथं बसणार कोण? घरात फक्त नजमाभाभी. त्या आतल्या खोलीत बायकांचे कपडे शिवायच्या. कॉम्प्युटरला कधी बोट लावलेलं नाही.

"तिला जमंल असं मशीन करून दे," सलीमभाई गजाननला म्हणाले. "मंग मी डोळ्याचं बघतो."

गजानन म्हणजे आमच्या गल्लीतला इंजिनियर. पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करतो आणि उरलेल्या वेळात दिसेल त्याच्या कॉम्प्युटरचं विंडोज काढून लिनक्स लावतो. त्याच्या हातात काम दिलं, आणि डोळ्याची तारीख पुढं पुढं जायला लागली.

* * *

पहिल्या दिवशी त्यानं लिनक्सचे गुण सांगितले. फुकट आहे. व्हायरसचा त्रास नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, त्याला मालकच नाही.

सलीमभाई विचारात पडले. "मालक न्हाई? मंग बिघडल्यावर जायचं कुणाकडं?"

"समुदाय असतो ना भाई. जगभरची माणसं मिळून सांभाळतात."

"बराबर. पण ती बसतात कुठं? अंबडला का जालन्याला?"

* * *

मग कोणतं लिनक्स टाकायचं, हा प्रश्न आला. मला वाटलं लिनक्स एकच असेल. गजानन म्हणाला, शेकडो आहेत. आणि त्यानं एकेकाचे गुणदोष सांगायला सुरुवात केली. मी बियाण्याच्या धंद्यातला माणूस. एकाच वाणाची वीस पाकिटं वीस नावांनी विकून राह्यलो. मला ते लगेच समजलं.

"आतून सगळं सारखंच का रे, गजा?"

"काका, असं म्हणू नका," तो दुखावून म्हणाला. "प्रत्येकाचं तत्त्वज्ञान वेगळंय."

तीन मशीनला तीन तत्त्वज्ञानं टाकली. एकावर बंद करायचं बटन वर उजवीकडं, दुसऱ्यावर खाली डावीकडं, आणि तिसऱ्यावर बटन नव्हतंच, ते लिहून सांगायचं. सलीमभाई एका डोळ्यानं तिन्ही ठिकाणी शोधायचे आणि शेवटी भिंतीवरचा मेन स्विच पाडायचे. तिन्ही तत्त्वज्ञानं एकदम झोपायची.

* * *

आमच्याकडचे नाना, शेत दोन एकर, एका सातबाऱ्यासाठी आल्ते. प्रिंटर हलेना. गजाननला बोलावलं. त्यानं काळी स्क्रीन उघडली आणि पांढरी अक्षरं टाकायला लागला. एक हुकूम झाला, दुसरा झाला, प्रत्येक वेळी तो म्हणायचा, "आता यायला पाहिजे." यायचं नाही. मग पुन्हा प्रिंट द्यायचा.

नाना स्टुलावर बसून बघत होते. दीड तासानं म्हणाले, "सलीम, हा काय करून राह्यला?"

"प्रिंटरला समजावून राह्यलाय, नाना."

तेवढ्यात प्रिंटरला समजलं. पण त्याला आधीचंही सगळं आठवत होतं. एकामागून एक सातबारे निघायला लागले. थांबवायचा हुकूम गजाननला आठवेपर्यंत एकसष्ट निघाले. नानांनी गठ्ठा दोन्ही हातांनी उचलून वजन पाहिलं.

"एवढी जमीन असती," ते म्हणाले, "तर तुझ्या दारात कशाला आलो असतो?"

* * *

नवीन सिस्टिम दर गोष्टीला पासवर्ड मागायची. आणि पासवर्ड गजाननचा, म्हणजे लांबलचक. आकडे, मोठी अक्षरं, छोटी अक्षरं, मध्येच टिंबं. वर त्याची ताकीद, "भाई, हा कुणाला दिसता कामा नये."

सलीमभाई शब्दाचे पक्के. पासवर्डची पाटी आली की ते लाइनीत उभ्या माणसांना सांगायचे, "तोंड तिकडं." सगळे भिंतीकडं वळायचे. एका डोळ्यानं एक एक बटन शोधत टाकायला भाईंना बराच वेळ लागायचा. चुकलं की परत पहिल्यापासून. पीकविम्याची घाई चालू होती, दिवसातून वीसेक वेळा कवायत व्हायची. लोकांना इतकी सवय झाली, की भाई नुसते खोकले तरी लाइन वळायची.

एकदा आमचे रिटायर हेडमास्तर रस्त्यानं चालले होते. दारातून पाहिलं तर आठ बाप्ये माणसं हात मागं बांधून भिंतीकडं तोंड करून उभी. त्यातले पाच त्यांचेच विद्यार्थी. त्यांनी क्षणभर निरखून पाहिलं.

"बरं झालं," म्हणाले. "मी असताना हे राहूनच गेल्तं." आणि पुढं गेले.

* * *

एक दिवस डॉक्टरांचा फोन आला. काय बोलणं झालं ते भाईंनी सांगितलं नाही, पण फोन ठेवल्यावर त्यांनी चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवला. कप फुटला. मी तिथंच होतो. गजाननही होता.

मी म्हणालो, "गजा, हे काळं प्रकरण बंद कर. भाभींना जमंल असं काही तरी दे. जल्दी."

"काका, सोपं केलं की माणूस शिकत नाही. माणसाची शिकायची तयारी पाहिजे."

"माणसाच्या डोळ्याची जायची तयारी झालीय. तू बघ तुझी."

ते त्याला लागलं. चार दिवस घरात कोंडून घेऊन त्यानं सोपं करून आणलं. इतकं सोपं, की स्क्रीनवर तीनच चित्रं उरली. सातबारा, फॉर्म, प्रिंट. प्रत्येक चित्र भाकरीएवढं.

पहिलंच गिऱ्हाईक म्हणालं, फोटो मोठा होतोय, पन्नास केबीत बसवून द्या. भाईंनी तिन्ही भाकरी दाबून पाहिल्या.

"ते बटन काढलं मी," गजानन म्हणाला. "गोंधळ व्हायचा."

"आणि प्रिंट थांबवायचं?"

"तेही काढलं."

सलीमभाईंनी गिऱ्हाइकाला दोन्ही हातांनी समोरच्या केंद्राची वाट दाखवली. मग शांतपणे म्हणाले, "आधी सगळं होतं, सापडत न्हवतं. आता सगळं सापडतं, पण काहीच न्हाई. चल, मी चाललो जालन्याला. होईल ते होईल."

* * *

भाई जालन्याला बहिणीकडं राहिले. पंधरा दिवस मी भिंतीला कान लावून होतो, भाभींच्या हाका येतील म्हणून. हाका आल्या नाहीत. प्रिंटरचा आवाज येत होता. आठव्या दिवशी गजाननला राहवेना. माझ्यासोबत आला.

भाभींच्या समोर काळी स्क्रीन उघडी होती. बाजूला वही. वही कपड्यांच्या मापांची. एका पानावर कुणाच्या तरी ब्लाउजची छाती, कंबर, बाही, आणि समोरच्या पानावर गजाननचा हुकूम. अक्षरन् अक्षर, टिंबासकट, जसं स्क्रीनवर दिसलं तसं उतरवलेलं. शेजारी उर्दूत, तो काय करतो ते. भाभींनीच वाचून दाखवलं. फोटो लहान करायचा, त्यापुढं लिहिलं होतं, 'तंग करना'. प्रिंट थांबवायचं, त्यापुढं 'उधेड़ना', म्हणजे उसवणं. गजानन तीन महिने बाहेर बडबडत होता, तेव्हा त्याच्या पाठीमागं, उघड्या दाराच्या आतल्या खोलीत शिलाई मशीन चालू होतं, एवढंच आम्हाला ऐकू यायचं.

"भाभी," गजानन कसाबसा म्हणाला, "ती मोठी चित्रं? तुमच्यासाठी केल्ती."

"वो बच्चों के वास्ते ठीक है," भाभी म्हणाल्या. "ये काली वाली अच्छी. जितना बोलो उतनाच करती, बीच में बोलती नहीं." आणि गजाननकडं बघून हसल्या.

गजाननानं वहीची सगळी पानं पाहिली. मग खाली बघत म्हणाला, "माझं चुकलं, भाभी."

* * *

सोळाव्या दिवशी सलीमभाई आले. काळा गॉगल, हातात डोळ्यात घालायचे थेंब. केंद्रात लाइन दारापर्यंत, आणि त्यात समोरच्या कूलरखालून उठून आलेले दोघं. नाना स्टुलावर. भाई सरळ आत गेले, नजमाभाभींच्या मागं उभे राहिले आणि गॉगल वर करून स्क्रीनकडं वाकले. डोळा छान झाला होता. लांबूनही अक्षर दिसत होतं म्हणे.

तेवढ्यात पासवर्डची पाटी आली. भाईंनी सवयीनं हात पुढं केला आणि तो लांबलचक पासवर्ड टाकला. मशीननं घेतला नाही. परत टाकला. नाही.

"बदल दिया," भाभी म्हणाल्या.

"क्या रखा?"

भाभींनी कीबोर्ड स्वतःकडं ओढला. लाइन आधीच वळली होती, नानासुद्धा स्टुलासकट. एकटे भाई स्क्रीनकडं तोंड करून उभे होते.

"मुँह उधर," भाभी म्हणाल्या.

सलीमभाईंनी गॉगल खाली केला, हात मागं बांधले आणि भिंतीकडं वळले.

मी सांगितलं ना, सगळं खरं आहे. गजानन 'माझं चुकलं' म्हणाला, तेवढं वाक्य माझ्या पदरचं.