झुनिल्दाचा ग्वाम्पा

पहाटेपासून उत्तरेचा गरम वारा सुटला होता. असुन्सियोनच्या बाजारात असा वारा सुटला की बेनिग्नाच्या उखळाला उसंत नसते. गवती चहा, पुदिना, कसल्याकसल्या मुळ्या ठेचायच्या नि गिऱ्हाइकाच्या थर्मासातल्या गार पाण्यात सोडायच्या. एकवीस वर्षं तिचा हात हेच करतोय.

शेजारी तिची पंधरा वर्षांची लेक झुनिल्दा जुड्या बांधत होती. पोरीला ऑटिझम. कुठला पाला कशावर, सगळं तोंडपाठ, पण कुणी "कशी आहेस गं?" विचारलं की ती पित्तावरची सोळा औषधं सांगूनच थांबायची. तोवर माणूस पार पुढच्या गल्लीत.

दहाला तेरेरेची, म्हणजे पाल्याच्या गार चहाची, बैठक बसे. शिंगाचा एकच पेला, ग्वाम्पा. कसावा विकणारी एउसेबिया तो भरून देई नि ज्याने त्याने आपल्या पाळीला नळीने ओढून परत द्यायचा. यंदा झुनिल्दाही बसू लागली. शाळेतल्या बाईंनी पढवलेलं, कुणी काही दिलं की आभार मान. पहिल्याच पाळीला ती म्हणाली, "आभारी आहे." झालं! ग्वाम्पा परत देताना आभार मानले म्हणजे बास, आता नको. एउसेबियाने पुढची पाळी तिला ओलांडून दिली. तीन दिवस हेच. बेनिग्ना गिऱ्हाइकांत गुंतलेली. चौथ्या दिवशी पोर उखळामागे जाऊन बसली.

"मी त्यांना नकोय."

बेनिग्नाने मुसळ खाली ठेवलं. खोदून विचारल्यावर कारण कळलं, तशी ती कपाळावर हात मारून हसली. "अगं बये, आभार शेवटी! पोट भरल्यावर."

"बाईंचा नियम चुकला?"

"इथल्यापुरता."

दुसऱ्या दिवशी झुनिल्दा ग्वाम्पा धरून मुतखड्यावर बोलत सुटली. लंगडणारा हमाल पोर्फिरिओ ओरडला, "ए पोरी, तो माइक न्हवं! ओढ नि दे परत."

सगळे हसले. झुनिल्दा पेल्याकडे बघत राहिली.

"आई, बोलणंपण असंच? थोडं आपण, मग दुसऱ्याला?"

"असंच की," उखळावरून बेनिग्ना म्हणाली.

तिने ग्वाम्पा परत केला. पोर्फिरिओच्या चपलांकडे बघत म्हणाली, "तुमचा गुडघा कसा आहे?" आणि ओठ घट्ट मिटून थांबली. गुडघ्यावरचे तीन पाले जिभेवर आलेले, तरी थांबली.

पोर्फिरिओ गुडघ्यावरून कमरेवर गेला, कमरेवरून सासूवर.

"आता ह्याच्याकडचा माइक कोण काढणार?" एउसेबिया म्हणाली.

सातव्या पाळीला पोट गच्च भरलं. झुनिल्दा मोठ्याने म्हणाली, "आभारी आहे." मग उठली. थर्मास घेऊन एक बाई खोळंबली होती. झुनिल्दाने पुदिन्याची जुडी उखळात टाकली नि ठेचायला लागली.